माईंचं ‘बरं आहे’

आंब्याला मोहोर आला की मला शिसारी येते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचं माणूस माझ्याकडे असं बघतं, जणू मी देवाच्या पायावर थुंकले. काल शाळेत पाचवीच्या मुलींनी माझ्या टेबलावर मोहोराचा भलामोठा तुरा आणून ठेवला. "बाई, आमच्या दारच्या हापूसचा हाय. वास घ्या ना," त्यातली एक म्हणाली. मी वास घेतला, छान आहे म्हटलं आणि मधल्या सुट्टीत तो तुरा खिडकीतून मागच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावला. मग नळावर जाऊन हात साबणाने धुतले. हेडमास्तर बघत होते. त्यांना वाटलं असेल, बाईंना सोवळ्याचं वेड लागलं.

मोहोराबद्दल लोक इतकं गोड बोलतात की मला प्रश्न पडतो, हे कधी मोहोरलेल्या झाडाखाली उभे राहिलेत का? गोडसर, आंबूस, कोंदट असा तो वास असतो. घशाशी येऊन बसतो. तुडतुडे अंगावर आदळतात, डोळ्यांत जातात. झाडावरून तो चिकटा गळतो तो पायऱ्यांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर. चप्पल उचलली की चर्रकन आवाज येतो. थंडी उतरायला लागलेली असते, दुपारी ऊन अंगाला टोचतं आणि संध्याकाळी पुन्हा शाल लागते. हा धड ना हिवाळा, धड ना उन्हाळा असा दीड-दोन महिन्यांचा काळ. आमच्याकडे तो वालाच्या शेंगांचा आणि वाळत घातलेल्या सुपारीचा काळ असतो. लोक शेतात मडकी लावून पोपटी करतात, हसतात, खातात. मीही जाते, चार शेंगा खाते. पण वारा फिरला आणि कुठून तरी मोहोराचा भपकारा आला की माझ्या तोंडातली शेंग तोंडातच राहते.

कारण त्या वासात मला फिनेल येतं. आयोडिन येतं. पिवळं पडलेलं जखमेचं कापड येतं. दहा-बारा वर्षांपूर्वी इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डाच्या खिडकीला लागून एक रायवळ आंबा होता, आणि त्या वर्षी तो वेड्यासारखा मोहोरला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण खिडकीशी जाऊन म्हणायचा, "वा! आजारी माणसाला किती प्रसन्न वाटत असेल इथे!" आणि खिडकीखालच्या कॉटवर माझ्या सासूबाई दात आवळून पडलेल्या असत.

त्यांना सगळा गाव माई म्हणायचा. रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. सासरे लवकर गेले, तेव्हापासून ती माईंनीच सांभाळली. पाडेली नारळ पाडायला आला की खाली उभ्या राहून कुठल्या झाडाला किती पेंडी आहेत ते त्याला सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घाबरतच आले होते, पण या बाईने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मालती, शाळेची नोकरी सोडू नकोस. स्वैपाक काय, कुणीही करतं." त्या काळात आमच्या बाजूला असं बोलणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. ह्यांची नोकरी मुंबईत विमा कचेरीत. शनिवारी रेवसच्या लाँचने यायचे, रविवारी परत. म्हणजे घरात खऱ्या अर्थाने आम्ही दोघीच. मला त्यांचा लळा लागला होता, हे सरळच सांगते.

माईंची एक रीत होती. माईंचीच कशाला, आमच्या सगळ्या वाडीवाल्या घरांची ती रीत आहे. दारात आलेल्या माणसाने "कसं काय?" म्हणून विचारलं की म्हणायचं, "बरं आहे. बसा." घरात ताप असो, पीक गेलेलं असो, कालच कुणाचं दहावं झालेलं असो. आधी बरं आहे, मग बसा, मग पाण्याचा तांब्या, मग गूळ किंवा कॉफी. आपलं दुखणं आल्या-गेल्याच्या ओंजळीत घालायचं नाही. ज्याने विचारलं त्याला अवघडल्यासारखं होता कामा नये. मला ही रीत तेव्हा फार सुसंस्कृत वाटायची. आता तिच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचाच येत नाही.

डाव्या छातीतली गाठ त्यांनी पदराखाली कितीतरी दिवस लपवली. मला कळलं ते चोळीवर डाग दिसला तेव्हा. लाँचने मुंबईला नेलं, मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथेच काही दिवस ठेवून विजेचा शेक दिला. त्यानंतर एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की रोग हाडात गेलाय, आता घरी न्या आणि आराम द्या. रोगाचं नाव कुणी घेत नसे. ‘तो रोग’ म्हणायचं आणि आवाज खाली आणायचा. माईंना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बोटीवर परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "चांगली होती हो माणसं. एवढ्या गर्दीत मला खुर्ची दिली."

आराम द्या! हे दोन शब्द किती सोपे आहेत. पौषात त्यांच्या पाठीत आणि खांद्यात कळा सुरू झाल्या तेव्हा मला कळलं की आराम ही घरात सापडणारी वस्तू नाही. गरम वाळूच्या पुरचुंड्या केल्या, एरंडाची पानं बांधली, वैद्यांच्या पुड्या दिल्या. डावा हात सुजून मांडीएवढा झाला. कूस बदलताना त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा आणि त्या मला विचारायच्या, "तुझं जेवण झालं का?" शेवटी बैलगाडीत गवताची गादी करून त्यांना इस्पितळात नेलं. कुठल्या गावचं ते सांगत नाही. एका दानशूर शेटजींच्या नावाने चालणारं धर्मादाय इस्पितळ होतं आणि सगळ्या पंचक्रोशीला त्याचा अभिमान होता. मलाही होता. गाडीत मी माईंना सांगत होते, "तिथे गेलं की लगेच बरं वाटेल. मॉर्फियाचं इंजेक्शन असतं. घेतलं की कळ थांबते." मुंबईला शेजारच्या खाटेवरच्या बाईला देताना मी पाहिलं होतं.

इंजेक्शन होतं. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं आणि त्यातल्या आतल्या लोखंडी कप्प्यात ते असायचं. ते मिळत नसे.

मोठे डॉक्टर म्हणजे गोरे, उंच, शुभ्र पाटलोण, बोलणं मऊ. सकाळी राउंडला यायचे. सिस्टर, कंपाउंडर, आया असा लवाजमा मागे. कॉटच्या पायथ्याशी उभे राहून विचारायचे, "काय माई, कसं काय?" आणि माई, ज्यांचा उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागलेला नसायचा, त्या उजव्या हाताने पदर सारखा करून म्हणायच्या, "बरं आहे. बसा ना." वर मला म्हणायच्या, "डॉक्टरांना कॉफी दिलीस का गं?" सगळे हसायचे. डॉक्टर कौतुकाने मान हलवायचे आणि पुढच्या कॉटकडे जायचे. मी पाठोपाठ व्हरांड्यात गाठायचे. "डॉक्टर, त्यांना फार दुखतंय हो. पडू देत नाही." डॉक्टर मागे वळून माईंकडे बघायचे. माई तिथून हसायच्या. मग डॉक्टर माझ्याकडे बघायचे. ती नजर मी अजून विसरले नाही. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे मीही तशीच बघते.

मी माईंना चिडून विचारायचे, "तुम्ही त्यांना सांगत का नाही?" तर म्हणायच्या, "अगं, बिचारे सकाळी सकाळी एवढ्या माणसांना भेटतात. प्रत्येकाने रडगाणं लावलं तर त्यांनी करायचं काय?"

शेजारच्या कॉटवर हिरू नावाची रेवदंड्याची कोळीण होती. होडीवरून उतरताना पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला वाळूची पिशवी बांधून तिला निजवलेली. हिरू दुखलं की ओरडायची, आणि ओरडायची म्हणजे खाडीपलीकडे ऐकू जावं अशी. "मेलू गो आये! या डाक्टरचा मुडदा बशिवला!" सिस्टर धावत यायच्या आणि दटावायच्या, "गप्प बस! नाटकं करू नकोस. मासळीबाजार आहे का हा?" तिला इंजेक्शन मिळायचं नाही, कारण ती नाटकी. माईंना मिळायचं नाही, कारण त्यांना दुखतच नाही. मी मधल्या स्टुलावर बसून विचार करायचे की मग नेमकं कसं दुखलं की ते मिळतं? किती आवाजात? या लोकांकडे त्यासाठी काही माप आहे का? तापाला थर्मामीटर असतो. दुखण्याला या इस्पितळात दोनच शब्द होते, सोशीक आणि नाटकी.

सोशीक. या शब्दाची मला किळस आहे. दुपारी भेटीच्या वेळेला गाव लोटायचा. शहाळी, मोसंबी, चाफ्याची फुलं. कॉटभोवती कोंडाळं करून बायका एकमेकींना सांगायच्या, "किती सोशीक बाई! हूं नाही की चूं नाही." माईंच्या देखत. जणू देवळातल्या मूर्तीचं वर्णन चाललंय. मग माईंना त्या मूर्तीसारखंच पडून राहावं लागायचं. वास यायचा म्हणून एखादी नाकाला पदर लावायची आणि तो लावलाय हे कळू नये म्हणून शिंकल्यासारखं करायची. चुलत सासरे आले, नाना. त्यांनी मला बाहेर बोलावून गंभीरपणे सांगितलं, "सूनबाई, ते अफूचं इंजेक्शन मागतेस म्हणे. मागू नकोस. शेवटच्या घटकेला माणूस शुद्धीवर हवं. मुखी नाम हवं. गुंगीत गेली तर गती कशी मिळणार?" मी त्यांना विचारलं, "नाना, तुमची दाढ दुखली होती तेव्हा तुम्ही नाम घेत होतात का?" ते फार रागावले. त्यांनी तेव्हा अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मग मऊ आवाजात समजावून सांगितलं की मॉर्फिया म्हणजे अफूच, सरकारचा फार कडक कायदा आहे, आणि मुख्य म्हणजे या औषधाची सवय लागते.

"कुणाला?" मी विचारलं.

"पेशंटला. एकदा सवय लागली की सुटत नाही. मग मागतच राहतात."

"डॉक्टर, मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय की त्या उन्हाळा बघणार नाहीत."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. "शेवटी फार त्रास होईल. तेव्हासाठी हे राखून ठेवायला हवं. आत्तापासून दिलं तर शरीर निर्ढावतं. मग शेवटी काय देणार?"

"शेवट कधी सुरू होतो, ते कोण सांगणार?"

ते हसले. "तुम्ही शाळेत शिकवता ना? आम्ही तुम्हाला गणित शिकवायला येतो का?"

चहा चांगला होता, वेलची घातलेला. मी तो प्यायले. घरी जाऊन मी न्हाणीघरात ओकले. आजही कुणी मला शांत, मऊ, समजावणीच्या सुरात काही सांगायला लागलं की माझ्या तोंडात तो वेलचीचा चहा येतो. एखाद्याने शिव्या दिल्या असत्या, मारायला धावून आला असता, तर निदान भांडता आलं असतं. या गोड माणसांशी भांडायचं कसं? आणि ते वाईट नव्हते, ही त्याहून ओंगळ गोष्ट. नडलेल्यांकडून पैसे घेत नसत. साथीच्या तापात भर पावसात होडीतून पलीकडच्या वस्तीवर गेले होते. त्यांना दुखणं या विषयातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. पुस्तकात रोग असतो, रोगाला नाव असतं. दुखतं ते माणसाचं. तो धडा त्यांच्या पुस्तकात नसावा.

मग एका दुपारी सिस्टर हसतमुखाने इंजेक्शनची वाटी घेऊन आल्या. "माई, डॉक्टरसाहेबांनी तुमच्यासाठी खास दिलंय बघा." मला इतका आनंद झाला की मी त्यांचे हात धरले. सुई टोचली. सिस्टर थोडा वेळ थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय आता?" माईंनी डोळे उघडले. पोरगी आपल्यासाठी थांबली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय हो. तुमच्या हाताला गुण आहे." सिस्टर गेल्या. माईंचे ओठ पांढरेच होते. मुठीत चादर धरलेली तशीच होती. मी म्हटलं, अजून भिनलं नसेल.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "काल आम्ही जरा पारख केली. नुसतं पाणी होतं ते, डिस्टिल्ड वॉटर. आणि माई म्हणाल्या बरं वाटलं. पाहिलंत? निम्मं दुखणं मनाचं असतं." मागचा लवाजमा हसला. सिस्टर तर लाजून लाल झाल्या, बक्षीस मिळाल्यासारख्या. माईंनाही ते ऐकू गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या छताकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शरम होती. त्यांना चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं होतं. आयुष्यभर ज्या बाईने कुणाच्या झाडाखाली पडलेली सुपारी उचलली नाही, तिला या लोकांनी शेवटच्या दिवसांत खोटारडी ठरवलं. तेही तिने सिस्टरचं मन राखलं म्हणून.

त्या दुपारी हिरू मला म्हणाली, "बाय, तुज्या सासूला सांग वरडायला. मी वरडतंय तं निदान शिव्या तरी देतान. हिला तं कोन बगत पन न्हाय."

तिचं खरं होतं. मी माईंच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "माई, दुखलं की ओरडा. मोठ्याने ओरडा. माझ्यासाठी." हे सांगताना मला माझीच घृणा वाटत होती, की मरायला टेकलेल्या बाईला मी नक्कल शिकवतेय, तिचंच दुखणं तिला वठवून दाखवायला लावतेय.

"लोक काय म्हणतील?" माई म्हणाल्या.

"म्हणू देत."

"माझी सगळी बाळंतपणं झाली, माजघराच्या बाहेर आवाज गेला नाही कधी." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि "आई गं" म्हणाल्या. विहिरीवरून कुणाला तरी हाक मारावी एवढाच आवाज. लगेच त्यांनी मान वळवून हिरूला विचारलं, "तुला त्रास नाही ना झाला?" हिरू तोंडावर चादर घेऊन रडायला लागली. एवढी दांडगी बाई, पण पोरीसारखी मुसमुसली. सिस्टरांनी मात्र ती हाक ऐकली होती. जाता जाता त्या मला म्हणाल्या, "आता यांनापण शिकवलंत का?"

त्याच दिवसांत इस्पितळात क्ष-किरणांचं नवं यंत्र आलं होतं आणि त्याच्या उद्घाटनाला मुंबईहून बडे पाहुणे यायचे होते. अंगात आल्यासारखं सगळं इस्पितळ कामाला लागलं. भिंतींना चुना दिला. त्याचे शिंतोडे पेशंटांच्या पांघरुणांवर. खांबांना आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, मोहोरासकट. व्हरांड्यात पताका. इस्त्रीच्या कडक चादरी निघाल्या, त्या खरखरीत चादरींनी सोललेल्या पाठींचं काय होतं, ते कुणी विचारलं नाही. नातेवाइकांना फाटकाबाहेर काढलं. मी शिक्षिका म्हणून, आणि स्वागतगीत म्हणायला माझ्याच शाळेच्या मुली होत्या म्हणून, मला राहू दिलं. सकाळी मोठे डॉक्टर कोट घालून वॉर्डात आले, चौफेर बघितलं, हवा हुंगली आणि म्हणाले, "ही कॉट मागच्या पडवीत न्या." ही कॉट म्हणजे माई.

दोन गडी आले. त्यांनी कॉट उचलली आणि दारातून नेताना ती चौकटीवर आपटली. माईंचा सुजलेला हात कॉटच्या लोखंडी कडेत आणि चौकटीत सापडला.

तेव्हा त्या ओरडल्या. तो आवाज माईंचा नव्हताच. जनावराचाही नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर आवाज माजघरात ठेवला, तिचा सगळा साठलेला आवाज एकदम बाहेर आला आणि थांबेना. एक संपला की श्वास घेऊन दुसरा. हिरूसुद्धा गप्प झाली. बाहेर बँडवाले वाजवता वाजवता थांबले. फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला. मोठे डॉक्टर धावत आले, त्यांच्या कपाळावर मी पहिल्यांदा घाम पाहिला. "अरे, गाडी आली! द्या, द्या त्यांना! चटकन!" कपाटाची चावी त्यांच्या कोटाच्या खिशातच होती. सुई उकळलेली तयारच होती. पुरतं बोलून व्हायच्या आत इंजेक्शन दिलंसुद्धा. कायदा आडवा आला नाही. सवय आडवी आली नाही. शेवटासाठी राखून ठेवलेलं कमी पडेल, अशी काळजी कुणालाही वाटली नाही. पाहुण्यांच्या कानांवर ओरडणं जाऊ नये, एवढं कारण या इस्पितळाला पुरलं. कळ थांबायला हवी, हे कारण इतके दिवस पुरलं नव्हतं.

बाहेर माझ्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. माझ्याशिवायच म्हटलं आणि चांगलं म्हटलं. कर्ण्यातून भाषण ऐकू येत होतं. रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा वगैरे. टाळ्या. मग सगळ्यांना पेढे वाटले. आयाने माझ्या हातावरही एक ठेवला. मी तो पडवीच्या कठड्यावर ठेवला, आणि तिथे मुंग्या लागेपर्यंत तो तसाच होता.

पुढचं सांगून टाकते, कारण ते लांबवण्याचा मला कंटाळा आहे. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि इंजेक्शनही गेलं. पुन्हा तेच ‘कसं काय’ आणि तेच ‘बरं आहे’. शिमग्याच्या आधी माई गेल्या. त्या दिवशी डॉक्टर कसल्याशा परिषदेसाठी मुंबईला गेले होते आणि कपाटाची चावी त्यांच्या खिशातून त्यांच्याबरोबर गेली होती. म्हणजे शेवटासाठी राखलेलं शेवटी कपाटातच राहिलं. डॉक्टर परत आल्यावर घरी भेटायला आले. ओटीवर बसून म्हणाले, "इतकी सोशीक पेशंट मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिली नाही." ह्यांनी हात जोडले. नानांनी मान डोलावली. मी आत निघून गेले आणि मी कॉफी केली नाही. या घरात आलेला माणूस कोरडा परत गेला, असं पहिल्यांदाच घडलं. चार लोकांनी मला त्याबद्दल बोल लावला. लावोत.

पण त्या सगळ्या दिवसांतून मला एकच तास बाजूला काढून ठेवता येतो. तो पाहुण्यांच्या दिवशीचा. भाषणं चालू असताना माई पडवीत झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, चादर धरलेली मूठ सुटलेली. मूठ सुटल्यावर कळलं की त्यांची बोटं किती बारीक झाली होती. इतके दिवस मी त्यांची फक्त मूठच पाहत होते. उन्हं उतरता उतरता त्यांनी डोळे उघडले. कुठे आहोत ते त्यांना कळेना. मग त्यांनी खांदा जरासा हलवून बघितला, भीतभीत. पुन्हा हलवला. कूस बदलली, आपली आपण. आणि माझ्याकडे बघून त्या हसल्या. ते हसणं कुणाचं मन राखण्यासाठी नव्हतं.

"मालती, अगं, दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "काहीच दुखत नाहीये. भूक लागलीय मला."

मी त्यांना मऊ भात आणि मेतकूट भरवलं. त्यांनी ते चवीने खाल्लं. मेतकुटात मीठ कमी आहे म्हणून मला सांगितलं. किती तरी दिवसांनी त्यांनी कशाला तरी नाव ठेवलं होतं. बाहेर मांडववाले बांबू सोडत होते, त्याचा आवाज येत होता.

"हे आज दिलं ते औषध," त्यांनी विचारलं, "कालही होतं का गं त्यांच्याकडे?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे संशय नव्हता, तक्रार नव्हती. त्या नुसतं विचारत होत्या. मला खरं सांगता आलं असतं. सगळं तोंडाशी आलं होतं, कपाट, चावी, पाणी, पाहुणे. पण ते सांगायचं म्हणजे त्या एका तासातही त्यांना दुखवायचं.

"नाही हो माई," मी म्हटलं. "आजच आलं मुंबईहून. पाहुण्यांच्या गाडीतून."

"तरीच," माई म्हणाल्या, आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले. "नाहीतर दिलं असतं गं त्यांनी. माणसं चांगली आहेत."